शेवटची ओळ

संगणकातलं सगळं कळणारा माणूस वडूजमध्ये आहे, अशी एकाचीच पक्की खात्री होती, आणि तो एकटा म्हणजे खुद्द सुमंत. अठ्ठ्याण्णव साली साखर कारखान्यातली कारकुनी सोडून त्यानं संगणकाचा क्लास काढला. उद्घाटन दसऱ्याला.

वाईहून त्याचे वडील अनंतराव आले. इंग्रजीचे निवृत्त मास्तर; सुमंतही त्यांच्याच वर्गात शिकलेला. ते काही कौतुकाला आले नव्हते. नोकरी परत मिळावी म्हणून लिहिलेला अर्ज त्यांच्या खिशात होता, सुमंतची सही तेवढी बाकी होती. चारचौघांत यंत्र अडलं तर सही करीन, असं सुमंतनंच छाती फुगवून कबूल केलं होतं. "आत लिनक्स प्रणाली आहे अण्णा, अडतच नाही!"

यंत्र अडलं. पडद्यावर रंगीत खिडक्या यायच्या, त्याऐवजी इंग्रजी ओळी भराभरा उमटल्या नि थांबल्या. सुमंतनं त्या वाचल्या नाहीत. असलं काही नवशिक्यांनी वाचायचं! दोष ग्राफिक्स कार्डाचा, हे त्यानं बघताक्षणी ठरवलं. त्याची सेटिंग बदलली, पुन्हा बदलली, मॉनिटरला दोन थापट्याही मारून झाल्या. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

"आवं मास्तर, चित्रं कवा दिसायची?" लेकीचं नाव घालायला आलेल्या शालूबाईंनी सुमंतला विचारलं. "लय येळ झाला की."

सुमंतनं मॉनिटरला तिसरी थापटी मारली. आता त्याला खरंच रडू येत होतं.

अनंतराव उठले. चष्मा लावून त्यांनी पडद्यावरची शेवटची ओळ वाचली. "माउस सापडत नाही म्हणून थांबलोय, असं म्हणतंय ते."

सगळ्यांनी टेबलाकडे पाहिलं. माउस नव्हताच. काल खंडेनवमीला हत्यारं पुजताना अख्खा संगणक पाटावर मावेना, म्हणून सुमंतनं नुसता माउस काढून पुजला होता. तो अजून तिथंच होता, स्क्रूड्रायव्हरशेजारी, झेंडूच्या फुलांखाली.

हळद पुसून माउस जोडला, यंत्र पुन्हा सुरू केलं, आणि खिडक्या झळकल्या. शालूबाईंनी टाळी वाजवली. सुमंत मात्र खाली मान घालून वडिलांपुढे उभा राहिला.

"अडलं अण्णा. आणा अर्ज, सही करतो."

अनंतरावांनी अर्ज काढला, उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर ठसठशीत अक्षरांत लिहिलं, 'शेवटची ओळ आधी वाचा.'

"हे भिंतीवर लाव," ते म्हणाले. "न वाचताच पास झालेला माझा एक विद्यार्थी आहे. तुझे तसे नकोत."