घरगुतीला हात लावायचा नाही

माझी भाची शाळेत प्रार्थनेला उभी असताना चक्कर येऊन पडली. रक्त तपासलं तर ते इतकं कमी निघालं की डॉक्टरांनी तिच्या आईलाच दटावलं. वहिनीने फोनवर हे सांगितलं तेव्हा माझा विश्वासच बसेना. दिवेआगरला वाडीत वाढणारी सात वर्षांची मुलगी, दारात शेवगा, परसात केळी, आणि अंगात रक्त नाही?

"वन्सं, ती काही खातच नाही हो," वहिनी रडवेली झाली होती. "तुम्ही एवढ्या लोकांच्या पोरांना खायला शिकवता. आता हिलाही शिकवा."

मी अलिबागेत मुलांच्या एका दवाखान्यात आहाराचा सल्ला देते. पोर भाजी खात नाही, ताट बघितलं की रडतं, अशा तक्रारी घेऊन आया माझ्यासमोर बसतात. मी तशी तोंडाळ बाई. आईच्या पर्समधून बिस्किटाचा पुडा डोकावला की मी तिची खरडपट्टी काढल्याशिवाय राहत नाही. पण हे माझ्या सख्ख्या भावाचं घर होतं, आणि त्या घरच्या जेवणाचं नाव पार पुण्यापर्यंत गेलेलं. वादळात वाडी आडवी झाली, तेव्हा पोटापाण्यासाठी भावाने मागच्या खोल्या पर्यटकांना द्यायला सुरुवात केली आणि फाटकावर पाटी लावली, 'घरगुती जेवण मिळेल'. वहिनीच्या हाताला अशी चव की आता लोक समुद्रासाठी येतात की तिच्या बिरड्यासाठी, हे सांगणं कठीण.

शनिवारी दुपारी मी पोचले ती ऐन गर्दीत. पडवीत पंगत बसली होती. स्वयंपाकघरात वाफेने समोरचं दिसत नव्हतं. वहिनी एका हाताने मोदकपात्र उतरवत होती, दुसऱ्या हाताने बिरडं ढवळत होती. बाहेरून भाऊ ओरडला, "घरगुती आणखी सहा!"

"बसा हं वन्सं," वहिनी म्हणाली, पण बसायला जागा कुठे होती!

"पोर कुठाय?"

"असेल मागे. शहाणी आहे, कामाच्या वेळी मध्ये येत नाही."

नारळ ठेवायच्या खोलीत ती सापडली. पोत्यावर बसून, समोर मोबाइल टेकवून, नूडल्सच्या पाकिटात हात घालून बसली होती. शिजवलेले नव्हेत. कच्चेच चुरडलेले, वर मसाला भुरभुरवलेला. शेजारी पाहुण्यांनी अर्धवट टाकलेली थंड पेयाची बाटली. माझ्याकडे बघून ती गोड हसली आणि मला मूठभर चुरा देऊ केला. तिचे ओठ पांढरे पडले होते. मला हसताही येईना, ओरडताही येईना.

मी तडक आत गेले. ताटात गरम भात घेतला, त्यावर वरण-तूप, बाजूला बिरडं आणि एक मोदक, आणि ते तिच्यापुढे आणून ठेवलं. तिने ताटाकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं आणि ताट हळूच माझ्याकडे सरकवलं.

"मला नको आत्या. हे घरगुती आहे."

मला वाटलं, माझी थट्टा करतेय. "अगं, घरगुतीच चांगलं असतं," मी म्हटलं.

"हो, पण ते पाहुण्यांचं." एखाद्या मंद मुलाला समजवावं तसं ती मला समजावत होती. "घरगुतीला हात लावायचा नाही. मी एकदा मोदक घेतला, तर पानावर कमी पडला. आई ओरडली, घरगुतीला हात लावू नको म्हणून सांगितलं ना!"

"मग तुझं काय?"

"माझं पाकिटाचं."

तक्रार नव्हती, रुसवा नव्हता. आपली शाळा कोणती, आपला वर्ग कोणता, तसं आपलं जेवण कोणतं हे तिला ठाऊक होतं. इतक्या वर्षांत पोरांच्या खाण्याच्या हजार तऱ्हा मी ऐकल्या आहेत, पण घरात शिजलेलं अन्न आपलं नसतं असं समजणारं पोर मी पाहिलं नव्हतं.

पाहुणे जेवून पान खायला समुद्राकडे गेले, तेव्हा कुठे स्वयंपाकघर रिकामं झालं. दुपार कलली होती. भाऊ पंच्याने हात पुसत आत आला आणि मी तोफ डागली. अंगणात ऐकू गेलं असेल, जाऊ दे.

"ताई, लहान पोर आहे. काहीतरी बोलतं," तो म्हणाला. "घरात अन्नाची काय कमी आहे? पाहुण्यांचं झालं की भरपूर उरतं. तेव्हा हिला भूक नसते. त्याला मी काय करू?"

"दुपारी चारला तिला भूक कशी असेल? तोवर पोट चुऱ्याने भरलेलं असतं. आणि तुला पटत नसेल तर तूच विचार तिला, घरगुती म्हणजे काय."

त्याने हाक मारली. ती उड्या मारत आली. बाबांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला येतंय याचाच तिला आनंद झाला.

"पाहुणे खातात ते!"

भावाच्या हातातला पंचा तसाच राहिला. गल्ल्यावर बसून रोज तोच शब्द ओरडणारा हा माणूस, आपल्या पोरीच्या कानात तो काय होऊन बसलाय हे त्याला कधी कळलंच नव्हतं.

वहिनी मात्र ओट्याला टेकून उभी होती. तिच्या हातात चहाचा कप आणि खारीचा तुकडा होता. "मी तरी कुठे जेवते वन्सं?" ती अगदी हळू म्हणाली. "दिवसभर वासानेच पोट भरतं. सगळं आवरलं की असा उभ्यानं चहा घेते. पोर मलाच बघत असणार."

जिच्या हातचं जेवायला माणसं गाड्या करून येतात, ती बाई स्वतः खारीवर जगत होती. मी पिशवीतून पालेभाज्या, गूळ, खजूर काय काय आणलं होतं. ते तिथेच कोपऱ्यात पडून होतं आणि मला ते बाहेर काढायची लाज वाटली.

शेवटी ठरलं ते एवढंच. उद्यापासून देवाचा नैवेद्य झाला की पहिलं पान पोरीचं, मग पाहुणे. भाऊ कुरकुरला, "लोक खोळंबतील." मी म्हटलं, "खोळंबू देत. उपाशी कुणी मरत नाही." त्याने मान डोलावली खरी, पण मनातून तो धास्तावलेला दिसत होता.

रविवारी दुपारी वहिनीने नैवेद्य दाखवला आणि स्वयंपाकघरातच पाट मांडून केळीचं पान घातलं. पाहुण्यांना वाढते तसंच सगळं वाढलं, डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणीसुद्धा. पोरगी पाटावर बसली. पण हात काही पुढे येईना.

मी माझे सगळे धंदे करून पाहिले. घास चिमणीचा केला, कावळ्याचा केला, मोदकाला नाकडोळे काढले. दवाखान्यात यातलं काहीतरी हमखास लागू पडतं. इथे काही नाही. ती ताठ बसून पानाकडे बघत होती आणि तिची हनुवटी थरथरायला लागली होती.

बाहेरून कुणीतरी विचारलं, "अहो, पान वाढताय ना? पोरं भुकेली आहेत."

भाऊ दाराशी गेला. एरवी पाहुण्यांपुढे वाकणारा माझा भाऊ. त्याचा आवाज जरा कापलाच. "आमची मुलगी जेवतेय. तिचं झालं की वाढतो." आणि त्याने दार लोटून घेतलं.

मला वाटलं, आता तरी खाईल. तर तिच्या डोळ्यांतून टपटप पाणी गळायला लागलं.

"काय झालं गं? कुणी ओरडणार नाहीये तुला," वहिनी म्हणाली.

"मी कुठे जाणार?"

आम्हाला काहीच कळेना.

"पाहुणे जेवले की जातात ना," ती हुंदके देत म्हणाली. "मला पाहुण्यांचं वाढलं. आत्या पिशवी घेऊन आलीय. मला आत्याकडे पाठवणार ना तुम्ही?"

माझ्या हातातला घास पानात गळून पडला. भाऊ दाराला पाठ लावून उभा होता तो तसाच खाली बसला. वहिनीने गॅस बंद केला, पदराला हात पुसले आणि पोरीला मांडीवर ओढून घेऊन पाटावर बसली. भाताचा मोठा घास कालवला आणि तो आधी स्वतःच्या तोंडात घातला. भर दुपारी, बाहेर पंगत ताटकळत असताना. दुसरा घास तिने लेकीपुढे धरला.

पोरीने आईचं चावणारं तोंड नीट निरखून पाहिलं, आणि मग तोंड उघडलं.