भामा धवलारीन आणि आभाळातले पाहुणे

कामोठ्याच्या भामाला लिहितावाचता येत नव्हतं, पण जगात कोण पुढे आणि कोण मागे हे तिलाच विचारावं. पनवेलच्या बाजारात भाजीची टोपली रिकामी झाली की ती स्टँडजवळच्या कमळाकरच्या हॉटेलाच्या पायरीवर ठाण मांडायची. आत रेडिओ होता. बातम्या संपल्यावर कमळाकर तिला त्या सोप्या करून सांगायचा, कारण सांगितल्याशिवाय ही बाई हलणार नाही हे त्याला अनुभवाने कळलं होतं. रशियाने आभाळात गोळा सोडला तेव्हापासून भामा रशियाची झाली. का, तर म्हणे, "जो आधी गेला तो आपला!"

एकसष्ट सालच्या एप्रिलात रशियाचा माणूसच वर जाऊन पृथ्वीला वळसा घालून आला. भामाला काय आनंद झाला! तिने भाजी मिळेल त्या भावाला फुंकली आणि घरोघरी सांगत सुटली. रशियात गाड्या जमिनीखालून धावतात, धरणं बांधून खेड्यापाड्यांत दिवे लावलेत. तिच्या स्वतःच्या घरात रॉकेलची चिमणी होती, पण ते आता कोण बघतो?

ही भामा गावची धवलारीन. आगऱ्यांच्या लग्नात विधीची गाणी, म्हणजे धवला, म्हणायचा मान बाईचा. धवलारीन एकेका देवाचं नाव घेऊन त्याला लग्नाचं आवतान देते. ज्याचं नाव राहिलं तो रुसला म्हणून समजावं.

मे महिन्यात तिच्या भावाच्या, महादेवच्या, मुलीची हळद होती. ही मालू भामाच्या कडेवर वाढलेली पोर. भामाचा आवाज त्या दिवशी असा लागला की शेजारच्या आळीतली माणसं मांडवात आली. जासईहून नवरदेवाचा मामा काशिराम उष्टी हळद घेऊन आला होता. हे काशिरामभाऊ मुंबईला एका अमेरिकन साहेबाच्या कारखान्यात कामाला, आणि कारखान्यापेक्षा साहेबाचा अभिमान मोठा.

देव संपले, पितर संपले, आणि भामाला राहवेना. तिने सूर चढवला, "ये रं आभालीच्या पावन्या, रशियाच्या पावन्या, मालूच्या लगनाला!"

बायकांनी ओळ उचलली, बाप्ये हसले. काशिराम मात्र हळदीची वाटी घेऊन उभा राहिला.

"आन अमेरिकेला नाय आवतान?"

"तुमचा मानूस वर जाऊ दे, मंग देन," भामा म्हणाली.

"जेलाय! परवाच जेलाय!"

"खोटं! मी नाय आयकलं."

"मंग रशियालाच हळद मागा. आमची आमी परत नेताव."

उष्टी हळद परत गेली म्हणजे लग्न मोडल्यातच जमा. मालूच्या आईने भामाचे हात धरले, "वन्सं, घ्या नं नाव!" भामाचा जीव गलबलला. पण धवल्यात खोटं नाव घालायचं कसं? "खरं असंल तर घेन," एवढंच ती म्हणाली.

शेवटी महादेव स्वतः सायकल मारत पनवेलला गेला, रेडिओवाल्या कमळाकरला विचारायला. मुलीच्या हळदीत बाप आभाळाची चौकशी करायला गेलाय, असं लग्न कुणी पाहिलं नसेल. इकडे मांडवात दोन तट पडले. अमेरिकेचे रस्ते रुंद, रशियाची धरणं मोठी. अमेरिकेत नळाला गरम पाणी येतं, रशियात सगळ्यांना येतं. ऊन मी म्हणत होतं. भांडून भांडून घसे कोरडे पडत होते आणि तांबे फिरत होते.

महादेव घामाघूम होऊन परतला. "जेलाय अमेरिकेचा! पन जरासा वर जेला आन समिंदरात परला. वलसा नाय मारला."

दोन्हीकडून आरोळी उठली, दोघेही जिंकले होते! भामा खळखळून हसली. "मंग त्याला पन आवतान! ये रं अमेरिकेच्या पावन्या, जरासा आलास तरी चालंल!" काशिरामही हसला आणि त्याने वाटी पुढे केली. मालूला हळद लागली, हातापायांना, गालांना. वाद्यं कडाडली.

"आता न्हाऊ घाला पोरीला," भामा म्हणाली.

मालूची आई हंड्यांकडे गेली आणि तिथेच खाली बसली. बायकांनी पहाटेपासून शेतापलीकडच्या विहिरीवरून आणलेलं गोडं पाणी, सगळेच्या सगळे हंडे, जगातल्या नळांवर भांडता भांडता मांडवाने पिऊन टाकले होते.

मालू पिवळी होऊन पाटावर बसलेली, ती हळूच म्हणाली, "आत्या, आता गं?"

भामाने पदर खोचला, एक हंडा स्वतः उचलला आणि दुसरा काशिरामच्या हातात दिला. वरपक्षाच्या मामाने पाणी भरायचं, हे कुठल्या रीतीत बसतं? पण तो मुकाट निघाला. मेमधली विहीर तळाला गेलेली. दोर संपत आला तेव्हा कुठे कळशी टेकल्याचा आवाज आला. वर आलं ते अर्धी कळशी, गढूळ.

काशिराम त्या पाण्याकडे बघत राहिला. "बाय, कारखान्यात मी नल उघडा टाकून हात धुताव," तो हळू आवाजात म्हणाला. मग म्हणाला, "तसा नल येल का गो कंदी इकडं?"

भामाने कळशी हंड्यात ओतली आणि दोर पुन्हा त्याच्या हातात दिला.

"दोगांना पन आवतान दिलंय, भाऊ. पोर पाटावर बसलीय. तुमी ओढा."