अर्ध्या कोंबडीसाठी रक्त

नदीपलीकडच्या शहरात केळीचे घड उतरवताना रोसेन्दो फळीवरून पडला. मांडी मोडली, रक्त फार गेलं. दवाखान्यात त्याच्या बायकोला, ओब्दुलियाला सांगितलं, "रक्त देणारी माणसं आणा. दुपारी ऑपरेशन आहे." ती मिळेल त्या लाँचने गावी आली आणि थेट एलीसेओच्या दुकानात शिरली. गावाला काही कळवायचं ते त्याच्या कर्ण्यावरूनच.

एलीसेओ तिच्या लेकीचा धर्मपिता. त्या नात्याने तो तिला 'कोमाद्रे' म्हणे. त्याने हलकेच विचारलं, "कोमाद्रे, गावातलं नावही सांगू ना?"

"नको. बाप्तिस्म्याचं नाव आहे की त्यांना."

रोसेन्दो-ओब्दुलियाच्या लग्नात तिच्या बापाने घातलेलं जेवण कमी पडलं होतं. खुद्द नवरदेवाच्या ताटात अर्धीच कोंबडी आली, आणि रोसेन्दो जन्माचा 'मेदियो पोयो', अर्धी कोंबडी, होऊन बसला. तो हसून ओ देई. ओब्दुलियाला मात्र प्रत्येक हाकेसरशी बापाची अब्रू चव्हाट्यावर आल्यासारखं वाटे. घरात तिने ते नाव कधी येऊ दिलं नाही.

कर्णा गरजला, "रोसेन्दो पेरेआ यांना रक्त हवंय. लाँच सुटतेय."

समोर फाबियान जाळं सांधत बसला होता. रोज संध्याकाळी रोसेन्दोसोबत दोमिनो खेळणारा. त्याने शेजाऱ्याला विचारलं, "कोण रे हा पेरेआ?"

"असेल वरच्या आळीचा. देव भलं करो बिचाऱ्याचं."

सुई पुन्हा जाळ्यात गेली.

धक्क्यावर लाँचवाला दोर सोडायला लागला होता. ओब्दुलियाने एलीसेओच्या हातातून माइक घेतला.

"मी ओब्दुलिया. रक्त अर्ध्या कोंबडीला हवंय. माझ्या नवऱ्याला."

जाळं तिथेच टाकून फाबियान धावला. मागोमाग आणखी पाच-सहा जण.

"आधीच सांगायचं ना, वहिनी! आम्ही आपले परक्याचं भलं चिंतत बसलो."

"माझं अर्धंच घ्या हं. पुरतं दिलं तर अख्खी कोंबडी व्हायचा तो."

लाँचमध्ये सगळे हसले. ओब्दुलियाला हसू आलं नाही. कुणाचं रक्त जुळेल, वेळेत पोचू का, काहीच ठाऊक नव्हतं. पलीकडचा काठ जवळ येतच नव्हता. तिने जपमाळ काढली. "माउली, माझ्या रोसेन्दोला सांभाळ." दोन मणी पुढे गेले, आणि तिच्या मनात आलं, माउलीनेही 'कोण हा रोसेन्दो?' म्हटलं तर? मग तिने डोळे मिटून दुसरं नावही सांगितलं.