खाली पडलेली पिन

सकाळी सूनबाईच्या हातातून साडीची पिन खाली पडली. एवढीशी पिन, पण उचलायला ती वाकली नाही. एक हात पोटावर ठेवून नुसती पिनेकडे बघत उभी राहिली. मग मी पाहिलं का, ते तिनं हळूच पाहिलं. मी पाहिलं होतं, बाई.

तिची गर्भपिशवी काढून अजून पंधरवडा झाला नाही. डॉक्टरांनी दीड महिना घरी राहायला सांगितलंय, आणि ही आज ऑफिसला निघाली.

"मेघना, टाके ओले आहेत गं अजून."

"बसूनच तर काम आहे, आई. माझी खुर्ची दुसऱ्या कुणाला दिली म्हणजे?"

भीती तिलाही, मलाही. तिला खुर्चीची, मला टाक्यांची.

बाळंतिणीला आपण सव्वा महिना उंबरा ओलांडू देत नाही. तिच्या कुशीत बाळ दिसतं ना, म्हणून 'कधी उठणार' असं कुणी विचारत नाही. हिचं तर पोट फाडलंय, पण कुशीत दाखवायला काही नाही. मग बाईला स्वतःलाच वाटायला लागतं, आपण उगाच लोळतोय.

खाली रिक्षावाल्यानं हॉर्न दिला.

"आई, तेवढी पिन देता?"

माझे गुडघे कुरकुरले, पण वाकले मी. पिन उचलली आणि माझ्याच बांगडीत अडकवली.

"सव्वा महिना झाला की देते. रिक्षा परत पाठव."

पुन्हा हॉर्न वाजला. ती रागानं माझ्याकडे बघत राहिली, पण पोटावरचा हात काही निघाला नाही.