गजांबाहेरचं गणित

“हिच्या डोक्यात गणित शिरत नाही, बाई. त्या डोक्यावर घमेलं दे. तुझ्याबरोबर कामाला ने.”

प्रोफेसर माझ्या पोरीसमोर बोलले. दुर्गला, त्यांच्या अंगणात. मी भिलाईच्या कारखान्याच्या बांधकामावर रेजा होते, डोक्यावरून काँक्रीट वाहायची. शाळा चौथीपर्यंत. पोरगी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला, सहामाहीत गणितात नापास. अशा पोरांना कॉलेजनं या प्रोफेसरांकडे लावून दिलं होतं. रविवारी ते घरी एकेकाला जवळ बसवून चुका समजावत. त्या दिवशी मलाही बोलावलं होतं.

एकेक पोरगा आत जायचा, खुर्चीवर बसायचा, शिकून बाहेर यायचा. एकाला तर चहाही मिळाला. मग हिचं नाव घेतलं. ही आत गेली नाही. घराला वळसा घालून खिडकीशी गेली, कोणी न सांगता. बाहेर उभी राहिली, वही गजांना टेकवून. फळा खिडकीच्याच भिंतीवर, आतल्या बाजूनं. प्रोफेसर लिहीत होते, बोलत होते. ही मान हलवत होती.

मी जवळ गेले. “तुले फळा दिसते का?”

“नाही व माय.”

“मंग मान कावून हलवून राहिली?”

“नाही हलवली तं सर थांबतात. मंग पुढचं सांगतच नाही.”

हे त्यांनी ऐकलं. बाहेर आले आणि ते घमेल्याचं बोलले.

मला राग आला नाही. काहीच आलं नाही. दिवसभर ओझं वाहून मान बधिर होते, तसं आतून झालं होतं. विचारलं, “साहेब, पोरीले आत कावून नाही घेत?”

“आत देवघर आहे. तुम्ही नागपूरकडचे. तुला कळायला हवं.”

कळलं. आम्ही बौद्ध झालो होतो. त्यांच्या देवाशी आमचं काही नव्हतं. तरी भिंत आमच्यासाठीच.

“कॉलेजात तं देवघर नाही. तिथं शिकवा.”

“मी उपकार करतोय, बाई.”

“नका करू.”

पोरीचा हात धरून निघाले. रस्त्यात ती रडायला लागली. “आता मी पक्की नापास होते, माय.”

मी तिला जवळ घेतलं नाही. म्हटलं, “हो नापास. पण बाकावर बसून, फळा पाहून हो. उद्या मी प्रिन्सिपलसमोर जाऊन बसते. तुले आत बसवून शिकवत नाही तोवर उठत नाही. त्या खिडकीशी तू पुन्हा उभी राहायची नाही.”

सोमवारी मी कामावर गेले नाही.