पहिल्या वर्तुळाच्या आधी

दुसऱ्या महायुद्धाच्या, लढाईच्या काळात मी पुण्याच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकत होतो. नंदुरबारकडच्या आमच्या गावात त्या विषयाचं नाव नीट घेऊ शकणारा मी एकटाच होतो, आणि त्याचा मला ताठा होता. मूल कसं वाढतं, माणूस चारचौघांत कसा वागतो, आणि हे सगळं पद्धतशीर कसं शोधायचं, असं आम्हाला शिकवत. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी प्राध्यापकांनी काम दिलं : गावात एखादी बातमी तोंडोतोंडी जाताना कशी बदलते ते टिपून आणा. बातमी आपणच सोडा, असं ते म्हणाले नव्हते. ते माझं डोकं. हे आधीच लिहितो, कारण पुढे मी बरंच दुसऱ्यांवर ढकललं आहे.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका विधवेची भट्टी होती. ती फुटाणे, मुरमुरे भाजायची. तिथे दिवसभर कोणी ना कोणी उभं असायचं, म्हणून मी तिला निवडलं. मी तिला मावशी म्हणायचो. पुण्याला निघालो की ती माझ्या पिशवीत गरम फुटाणे ओतायची आणि पैसे द्यायला लागलो तर रागवायची.

"मावशी, येत्या बाजारले देवी टोचनारा येनार शे," मी म्हणालो.

"खरं शे का भाऊ?"

"खरं शे. पन मी सांगं असं कोनले सांगू नको. मन्ही शप्पथ शे तुले."

तिचा हात थांबला. "येवढ्याशा गोटले शप्पथ कशाले घालस रे, येड्या?"

मी हसलो. मला ती प्रयोगातली खबरदारी वाटली होती. आमच्याकडे शपथ मोडली तर ज्याच्या नावाची घातली तो माणूस मरतो असं मानतात, हे मी तिथेच वाढलो तरी त्या वेळी माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

मग मी गावभर हिंडलो. सहज विचारल्यासारखं विचारायचं, "हाई तुले कोनी सांगं?" आणि घरी येऊन वहीत वर्तुळ काढायचं, वर्तुळातून बाण. पहिलं वर्तुळ मावशीचं. दोन दिवसांत बातमीतल्या टोचणाऱ्याबरोबर पोलीस आले. मग तो टोचेनासा झाला, रक्त काढू लागला. चौथ्या दिवशी माझ्याच आईने मला ओट्यावरून आत ओढलं.

"धाकलीले बाहेर सोडू नको रे. पोरेस्नं रगत काढी ऱ्हायनात म्हने. लढाईवरना गोरास्ले देतस."

तिचे हात थंडगार होते. बातमी माझी आहे, खोटी आहे, एवढंच मी म्हणायचं होतं. मी वही काढली आणि आईचं वर्तुळ काढलं.

बाजाराच्या दिवशी बाजारात एकही मूल दिसत नव्हतं. दारं लावलेली. कोणी टोचणारा आला नाही. दुपारी शेजारच्या गल्लीतून किंकाळी आली. एका बाईने आपलं चार वर्षांचं पोर धान्याच्या रिकाम्या पेवात उतरवून वर फळी ठेवली होती. काढलं तेव्हा त्याची मान लोंबत होती, ओठ निळे. पाणी मारलं, हलवलं, बऱ्याच वेळाने ते रडलं. जगलं. पण पुढे कित्येक वर्षं ते अंधाऱ्या खोलीत पाऊल टाकत नसे, हे मी दर सुट्टीत ऐकत होतो. मुलाच्या वाढीवर मी चांगले गुण मिळवले होते.

संध्याकाळच्या आत चावडीवर सगळं गाव जमलं. पाटील एकेकाला विचारू लागले, "तुले कोनी सांगं?" त्याने दुसऱ्याकडे बोट दाखवायचं, दुसऱ्याने तिसऱ्याकडे. माझ्या वहीतले बाण माझ्या डोळ्यांदेखत उलटे चालू लागले. वही सदऱ्याच्या आत होती, घामाने पोटाला चिकटली होती. कुठे पोचणार ते तिथे फक्त मला ठाऊक होतं.

"आनि तुले, बाय?"

मावशी उभी राहिली. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. "माले कोनीच नही. मालेच वाटनं."

"वाटनं? पोरगं मरतं ना!"

मागून कोणी म्हणालं, "डाकीन शे ती. माले पहिलेपासूनच माहीत व्हतं."

"मंग तिन्हा फुटाना रोज कशाले खास रे?"

लोक हसले. ते हसणं मला शिव्यांपेक्षा भयंकर वाटलं, कारण हसता हसताच चार जण उठले आणि भट्टीकडे गेले. लाथांनी भट्टी फुटायला फार वेळ लागला नाही. अंधार पडायच्या आत गाव सोड, असं तिला सांगण्यात आलं. मी तोंड उघडलं असतं तर काय झालं असतं? मार बसला असता, कॉलेज सुटलं असतं, आईला मान खाली घालावी लागली असती. एवढंच.

गाठोडं घेऊन ती निघाली तेव्हा मी गल्लीच्या कोपऱ्यावर होतो. ती थांबली नाही, चाल फक्त मंद केली.

"शप्पथ मोडी नही मी. तुले काई व्हवाव नही. भिऊ नको."

तोवर मला वाटत होतं, ती माझं नाव घेईल. ती भीत होती माझ्या जिवासाठी.

पुण्यात निबंध वाचून प्राध्यापकांनी चष्मा काढला. "काम चांगलं आहे. पण या पहिल्या बाईला कोणी सांगितलं?"

खोलीत आम्ही दोघंच. चावडी नाही, जमाव नाही. मी म्हणालो, "सर, तिनेच रचलं असावं. तशी प्रवृत्तीच होती तिची." निबंध वर्गात वाचून दाखवला गेला. त्यानंतर गावाकडचं पत्र आलं की मी ते फोडायला घाबरायचो. एकदा नवापूर स्टेशनावर फुटाणे भाजणारी एक म्हातारी दिसली. गाडी हलेपर्यंत मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसलो. ती मावशी होती की नाही, मला आजही माहीत नाही.

ती वही माझ्यापाशी आहे. पहिल्या वर्तुळाच्या आधी कागद कोरा आहे. तिथे मी होतो. टोचणाऱ्याची बातमी तिला मी सांगितली, खोटी आहे हे माहीत असून सांगितली, आणि "खरं शे का" असं तिने विचारलं तेव्हा हो म्हणालो.

मी ऐंशी ओलांडली आहे. ती असती तर म्हणाली असती, बघ, शपथ मोडली नाही मी, म्हणून एवढा जगलास.