नेरूळ ते करंजाडे, व्हाया सहा खुर्च्या

लोक लडाखला जातात, व्हिएतनामला जातात आणि मग ब्लॉग लिहितात. मी करंजाडेला गेले. नेरूळहून गाडीने पाऊण तास, ट्रॅफिक धरून. आणि गेले तेही हवापालटासाठी नाही, एका बाईचं खोटं पकडायला.

त्या बाईचं नाव वंदनाताई. सहा वर्षांपूर्वी आम्हा दोघींना एकाच वर्षी एमएसचं, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिसचं निदान झालं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, यात आपलीच प्रतिकारशक्ती आपल्या नसांवरचं आवरण खराब करते आणि मेंदूचा निरोप हातापायांपर्यंत धड पोचत नाही. माझा डावा पाय निम्मे निरोप घेतच नाही. नेरूळच्या एका फिजिओथेरपी सेंटरमध्ये आम्ही दोघी शेजारी शेजारी व्यायाम करायचो. रोज चाला, जमेल तेवढं चाला, असं दोघींनाही बजावलेलं. आजार तोच, गोळ्या त्याच. मी तलावाभोवतीच्या ट्रॅकवर दोन किलोमीटर चालते आणि मग दुपारभर आडवी असते. ही बया मात्र रोज संध्याकाळी पेशंटांच्या ग्रुपवर बुटांचा फोटो टाकते, ‘आज पाच कि.मी.’ खाली अंगठेच अंगठे. त्यातला पहिला माझ्या नवऱ्याचा.

"बघ, वंदनाताई तर पन्नाशीच्या पुढे आहेत," सुधीर एकदा सहज म्हणाला. त्या दिवशी मी त्याला जेवायला विचारलंसुद्धा नाही.

म्हणून ताईंनी ग्रुपवर "कंदीपन या गो घरी" असं लिहिलं, तेव्हा बाकीच्यांनी हात जोडलेली चित्रं टाकली आणि मी थेट शनिवार ठरवून टाकला. पाच किलोमीटर म्हणे! बघूच.

असा प्रवास करायचा असेल तर जानेवारीत करा. उकाड्यात आमची ताकद झपाट्याने उतरते, डोळ्यांपुढे धुरकट होतं. गळ्याभोवती ओला नॅपकिन, थंड पाण्याची बाटली आणि घडीची काठी जवळ ठेवा. माझी काठी पर्सच्या तळाशी होती. ती बाहेर काढली की लोक विचारतात. सोसायटीत मी सगळ्यांना गुडघा सांगितलाय. गुडघा कसा, घरोघरी असतो.

सकाळी आठला निघालो आणि नाश्त्याला कामोठ्यात थांबलो. मी हॉटेल निवडते ती टॉयलेट बघून, मेनू नंतर. एमएसमध्ये लघवीची घाई आगाऊ वर्दी देत नाही. इथलं टॉयलेट स्वच्छ होतं, पायऱ्या नव्हत्या आणि मिसळही दोघांना अडीचशेच्या आत झणझणीत मिळाली.

"तू नक्की भेटायला चाललीयेस ना?" सुधीरने पाव बुडवत विचारलं.

"मग काय भांडायला?" मी म्हटलं.

करंजाड्यात रुंद रस्ते, निम्मे बांधलेले टॉवर आणि धूळ. फुटपाथ मधेच सुरू होतो, मधेच संपतो. ताईंच्या सासरची भातशेती गेली, त्या जागी आता घरच्यांनीच बांधलेली तीन मजली बिल्डिंग आहे. वर भाडेकरू, तळमजल्यावर ताई. दारात एकही पायरी नाही हे बघूनच माझ्या पोटात दुखायला लागलं. मग त्यांनी स्टुलावर बसून तांदळाच्या भाकऱ्या थापल्या. एकेक भाकरी गोल आणि पातळ. जोडीला कोलंबीचं कालवण. सुधीरने चार भाकऱ्या खाल्ल्या. घरी दोनात पोट भरतं त्याचं.

रात्री ताईंनी आम्हाला ठेवून घेतलं आणि रविवारी सकाळी सातला आम्ही दोघीच चालायला निघालो. हवा गार होती आणि माझा पाय शहाण्यासारखा वागत होता. चारेकशे मीटर झाले असतील नसतील, ताई एका डेअरीसमोर गेल्या आणि बाहेर ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत सरळ बसल्या.

"बस गो," शेजारच्या क्रेटकडे हात करत त्या म्हणाल्या.

"मला नाही लागत," मी म्हटलं आणि पुढे निघाले. खरं सांगते, मनात उकळ्या फुटत होत्या. हेच का ते पाच किलोमीटर! मेडिकलसमोर त्या पुन्हा बसल्या. इस्त्रीवाल्याकडे पुन्हा. मी प्रत्येक वेळी पुढे. मागे वळून बघायचे तर त्या आरामात कोणाशी तरी गप्पा मारत बसलेल्या. आज ग्रुपवर काय लिहायचं, त्याची वाक्यंसुद्धा मी जुळवायला लागले होते.

दोन किलोमीटरच्या आसपास डावं पाऊल उचलेना. स्पीडब्रेकरला चप्पल घासली, मी तिरपी झाले आणि उभ्या असलेल्या एका स्कूटरला मिठी मारून कशीबशी तगले. रस्त्यापलीकडे एक टेलर दुकान उघडत होता. तो बघत होता. मी मोबाइल बघत असल्याचं नाटक केलं. बसायला जागा समोर होती, पण बसले असते तर कारण सांगावं लागलं असतं.

दहा मिनिटांनी ताई आल्या, त्याच आपल्या चालीने. माझ्याकडे एकदाच बघितलं आणि मोठ्याने ओरडल्या, "मास्तर, खुर्ची आना! हीला पन माझाच आजार हाय!"

मला वाटलं आता जमीन दुभंगावी. सगळ्या रस्त्याला ऐकू गेलं असणार. टेलरने लाल खुर्ची आणली, कोवळं ऊन बघून सावलीत सरकवली आणि शटर वर करायला परत गेला. भाजीवालीने मान वर केली, "हीपन तुमच्यासारखीच का, वैनी?" एवढं विचारलं आणि मेथीच्या जुड्या लावू लागली. बस्स, एवढंच झालं.

मी बसले. पाय थरथरत होता आणि रागाने डोळे भरले होते.

"तुम्ही रोज असंच चालता?" मी विचारलं.

"मंग? अडीच सकालची, अडीच संद्याकालची. सहा खुर्च्या हायेत माझ्या."

"ग्रुपवर कधी लिहिलं नाहीत."

"तू कंदी विचारलास?"

मग त्यांनी सांगितलं. पहिल्या वर्षी त्या याच रस्त्यावर झोकांड्या खात पडल्या. लोक बोलले, बाई पिऊन आली. "घरी जाऊन रडले मी. आन दुसऱ्या दिवशी दुकानादुकानात गेले. बोल्ले, मी पियालेली नाय, मना आजार हाय, मना खुर्ची लागते. एक पन नाय बोल्ला नाय."

उरलेला रस्ता मी खुर्ची खुर्चीने चालले, पर्समधली काठी बाहेर काढून. एकूण अडीच किलोमीटर झाले आणि दुपारी मी जेवणाच्या पानावर चक्क जागी होते. ‘आपलं ठेवायचं झाकून, दुसऱ्याचं बघायचं वाकून’ ही म्हण माझ्यासाठीच केलेली असावी. पण जळफळाट गेला म्हणाल तर नाही. परतीच्या वाटेवर, कळंबोलीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेले असताना, मी ताईंच्या किलोमीटरवर जळत नव्हते. त्यांच्या सहा खुर्च्यांवर जळत होते. एवढ्या मोठ्या नेरूळमध्ये माझी एकही नव्हती.

सोमवारी सकाळी आमच्या नेहमीच्या दूधवाल्याच्या दुकानाशी थांबले.

"काय मॅडम, गुडघा काय म्हणतो?"

"गुडघा ठणठणीत आहे," मी म्हटलं आणि जे होतं ते सांगितलं. त्याने अर्धं ऐकलं, अर्धं गिऱ्हाईक केलं आणि आतून एक निळी खुर्ची आणून बाहेर ठेवली. "रोज ठेवतो सहाला," म्हणाला.

मंगळवारी गेले तर त्या खुर्चीत आमच्या बी विंगचे एक काका पेपर वाचत बसलेले. सगळ्या सोसायटीची बातमी त्यांच्याकडे. सहा वर्षं ज्यांना गुडघा सांगितला त्यांत यांचा नंबर पहिला. मी एक मिनिट उभी राहिले. पाय जड व्हायला लागला आणि मला त्या माणसाचा इतका राग आला, इतका, की वंदनाताईंचाही कधी आला नसेल.

"काका, उठा. ती माझी खुर्ची आहे."

"तुझी कशी?" त्यांनी चष्मा वर करून विचारलं.

मग त्यांनाही सांगितलं.